विश्लेषण : रत्नागिरीच्या पुढे आणखी शंभर किलोमीटर जमीन होती तेव्हा... कोकणचा समुद्र ४०० फूट वर कसा आला?

डिजिटल डेस्क, कोल्हापूर

पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी उठून आधी एक आकडा बघतो : राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर? ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. मध्ये फरक फक्त चार फुटांचा, पण तेवढ्यात शहराचा नकाशा बदलतो. रस्ते बंद होतात, जनावरे हलवावी लागतात, व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुठला मार्ग सुरू आहे याची विचारणा सुरू होते. २०१९ मध्ये हीच पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली. तो पूर बघितलेल्या माणसाला पाणीपातळीतला एकेक फूट म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता याच फुटांच्या भाषेत कोकणचा समुद्र बघू. शेवटचे हिमयुग ऐन भरात होते तेव्हा, म्हणजे साधारण २० हजार वर्षांपूर्वी, अरबी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. म्हणजे जवळपास ४०० फूट. तिथून ती वाढत वाढत आजच्या जागी आली, आणि हा पूर परत ओसरला नाही. गणपतीपुळे, मालवण, तारकर्ली, वेंगुर्ला अशी उन्हाळी सुट्टीत आपण जाऊन येतो ती सगळी ठिकाणे याच न ओसरलेल्या पुराच्या काठावर आहेत.

एवढे पाणी गेले कुठे होते?

एका गैरसमजापासून सुरुवात करू. हिमयुग म्हटले की पन्हाळ्यावर, राधानगरीच्या जंगलात बर्फ पडत असेल असे चित्र डोळ्यांसमोर येते. तसे काही नव्हते. सह्याद्रीवर हिमनद्या नव्हत्या. पृथ्वीचे सरासरी तापमान आजच्यापेक्षा साधारण पाच-सहा अंशांनी कमी होते. आपल्याकडे हवा थोडी थंड आणि जास्त कोरडी होती, नैऋत्य मोसमी पाऊसही आजच्यापेक्षा कमजोर होता. बर्फ होता तो लांब. आजचा जवळपास सगळा कॅनडा आणि उत्तर युरोपातला स्वीडन, नॉर्वे, फिनलंडचा भाग त्याखाली होता. काही ठिकाणी थराची जाडी तीन किलोमीटरपेक्षा जास्त होती.

समुद्राची वाफ होते, ढग होतात, पाऊस किंवा हिम पडते आणि नद्यांवाटे पाणी परत समुद्रात येते. हे चक्र हिमयुगात एका ठिकाणी अडकले. पडलेले हिम उन्हाळ्यात वितळेना, वर्षानुवर्षे साठत राहिले. समुद्रातून पाणी जात होते आणि तेवढे परत येत नव्हते.

किती पाणी अडकले याचा ढोबळ हिशेब करता येतो. जगातल्या समुद्रांचे क्षेत्रफळ सुमारे ३६ कोटी चौरस किलोमीटर आहे. त्यावर १२० मीटरचा थर म्हणजे जवळपास ४.३ कोटी घन किलोमीटर पाणी. आकडा डोक्यात बसत नसेल तर कोयना धरण घ्या. १०५ टीएमसीची कोयना म्हणजे साधारण तीन घन किलोमीटर. म्हणजे दीड कोटीच्या आसपास कोयना धरणे भरतील एवढे पाणी जमिनीवर बर्फाच्या रूपात उभे होते.

ते जमिनीवर होते हे महत्त्वाचे. सरबताच्या ग्लासात तरंगणारा बर्फ वितळला म्हणून ग्लास ओसंडत नाही, कारण तरंगताना त्याने आपल्या वजनाएवढी जागा आधीच व्यापलेली असते. बाहेरून आणखी बर्फ टाकला तर मात्र पातळी वाढते. त्यामुळे आजही शास्त्रज्ञांची नजर तरंगणाऱ्या बर्फापेक्षा ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या जमिनीवरच्या बर्फावर जास्त असते.

मग तेव्हाचा किनारा कुठे होता?

भारताच्या पश्चिम किनाऱ्याला लागून समुद्राखाली एक रुंद, मंद उताराचा भाग आहे. त्याला भूखंडमंच म्हणतात. किनाऱ्यावरून निघालो की कित्येक किलोमीटर तळ हळूहळू खोल होत जातो आणि मग एका कडेपाशी एकदम खाली उतरतो. ही कड साधारण १०० मीटरच्या आसपास खोलीवर आहे, कुठे थोडी वर, कुठे खाली. मुंबई आणि खंभातच्या आखातासमोर हा मंच ३०० किलोमीटरपेक्षा रुंद आहे. दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. रत्नागिरी-सिंधुदुर्गसमोर तो साधारण १०० किलोमीटरच्या घरात आहे.

पाणी १२० मीटरने खाली गेले की हा बहुतेक मंच उघडा पडतो. आज कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरी साधारण १३० किलोमीटर पडते. त्या काळात रत्नागिरीला पोहोचल्यावर समुद्र दिसलाच नसता. तो बघायला जवळपास तेवढेच अंतर आणखी पश्चिमेला चालावे लागले असते, तेही सपाट मैदानातून.

या बुडालेल्या मैदानाच्या काही खुणा आपल्याला नावाने माहीत आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेला साधारण १०५ किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा हा समुद्राखालचा उंचवटा. त्याचा माथा पाण्याखाली फक्त २० मीटरच्या आसपास आहे आणि त्यावर आज प्रवाळ वाढते. हिमयुगात हा माथा समुद्रपातळीपेक्षा सुमारे १०० मीटर उंच होता, म्हणजे मैदानाच्या टोकाशी उभे असलेले एक लांबरुंद पठार. पुढे पाणी वाढत गेले तसे त्याचे बेट झाले, आणि सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तेही बुडाले.

दुसरी खूण मुंबई हाय. १९७४ मध्ये तेल लागले ती जागा मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात आहे. तिथे पाण्याची खोली ७५ मीटरच्या आसपास. तेल खूप जुने, कोट्यवधी वर्षांपूर्वीचे. त्याचा हिमयुगाशी संबंध नाही. पण २० हजार वर्षांपूर्वी तेल काढायचे असते तर जहाजाऐवजी ट्रकने जाता आले असते!

मालवणचा सिंधुदुर्ग ज्या कुरटे बेटावर उभा आहे ते बेटही याच हिशेबात येते. बेट म्हणजे बहुतेक वेळा माथा तेवढा वर राहिलेली टेकडी. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये किल्ल्याची पायाभरणी केली तेव्हा कुरटे बेट झाल्याला काही हजार वर्षे होऊन गेली होती.

हे कळले कसे? गाबोळीसारखे दाणे आणि बुडालेली वाळू

इथे गोव्यातल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे काम महत्त्वाचे आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यासमोरच्या तळाचे नमुने वर्षानुवर्षे गोळा केले. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. किनाऱ्याजवळ, साधारण ५०-६० मीटर खोलीपर्यंत, तळावर नद्यांनी आणलेला मऊ चिखल आहे. त्याच्या पलीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून आणखी लांब, तळ वाळूचा आहे.

हे उलटे वाटते. वाळू जड, ती किनाऱ्याजवळ पडायला हवी. चिखल हलका, तो लांब जायला हवा. मग लांबवर वाळू आली कुठून? ती आजची नाहीच. समुद्र तिथे होता तेव्हाच्या किनाऱ्याची ती वाळू आहे, जागच्या जागी बुडालेली.

मुंबईसमोर ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’ नावाचा एक सपाट भाग आहे. ५० फॅदम म्हणजे सुमारे ९० मीटर. तिथून वर आलेल्या नमुन्यांत चुनखडीचे बारीक गोल दाणे सापडले. माशाची गाबोळी पाहिली असेल तर अगदी तसे. असे दाणे तयार व्हायला उबदार, उथळ, सतत हलणारे पाणी लागते. लाटांबरोबर कण मागे-पुढे लोळतो आणि त्याच्यावर चुन्याचे थर चढत जातात. ९० मीटर खोल, शांत अंधाऱ्या तळावर ते होऊच शकत नाही. सोबत हॅलिमेडा नावाच्या शैवालाचे चुनखडीचे अवशेषही मिळाले, आणि शैवालाला वाढायला सूर्यप्रकाश लागतो. पाणी तेव्हा तिथे उथळ होते, याला याहून सरळ पुरावा कोणता?

या दाण्यांचे, शिंपल्यांचे, लाकडाच्या तुकड्यांचे वय कार्बन-१४ ने काढतात. हा किरणोत्सारी कार्बन दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. किती उरला हे मोजले की वय कळते. नमुना कुठल्या खोलीवरचा आणि किती जुना, हे दोन आकडे मिळाले की आलेखावर एक ठिपका बसतो. असे ठिपके जोडत एन. एच. हाशिमी, राजीव निगम आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये पश्चिम किनाऱ्याचा पातळी-आलेख प्रसिद्ध केला.

तो आलेख असा : १४,५०० वर्षांपूर्वी समुद्र १०० मीटर खाली. १२,५०० वर्षांपूर्वी ८० मीटर खाली. तिथे साधारण अडीच हजार वर्षे मुक्काम. मग १० हजार ते ७ हजार वर्षांपूर्वीच्या काळात दर हजार वर्षांना सुमारे २० मीटर या वेगाने चढ. आणि त्यानंतर आजच्या पातळीच्या आसपास थोडे वर-खाली. (ही कार्बनमापनाची वर्षे आहेत. पंचांगातल्या वर्षांत बदलली की ती साधारण एक ते तीन हजार वर्षांनी आणखी मागे जातात.)

हा शेवटचा शब्द नाही. ठिपके मोजके आहेत. बार्बाडोस आणि ताहितीच्या प्रवाळांतून मिळालेल्या जागतिक नोंदींत ‘मुक्कामा’च्या सुरुवातीलाच, सुमारे साडेचौदा हजार वर्षांपूर्वी, एक मोठी उसळी दिसते. चार-पाचशे वर्षांत समुद्र १६ ते २० मीटर वर गेला. आपल्याकडचा आलेख आणि ही उसळी अजून नीट जुळत नाहीत. पण सुरुवात खोल, मध्ये टप्प्याटप्प्याने चढ आणि सात-आठ हजार वर्षांपासून जवळपास स्थिर, या मुख्य चित्राबद्दल वाद नाही.

माणसाच्या आयुष्यात हे दिसले असेल का?

सरासरी काढली तर १२० मीटर, सुमारे १२ हजार वर्षांत. म्हणजे वर्षाला एक सेंटिमीटर. ऐकायला काहीच नाही. पण उभी वाढ आणि आडवी वाढ वेगळी. पंचगंगेच्या पुराचा अनुभव असणाऱ्याला हे लगेच पटेल : पाणी फूटभरच वाढते, पण सपाट शेतात ते किती लांब पसरते.

भूखंडमंचाचा उतार किलोमीटरला एक मीटर धरला आणि समुद्र वर्षाला दोन सेंटिमीटर चढत असेल, तर पाण्याची कड वर्षाला २० मीटर आत सरकते. ५० वर्षांत एक किलोमीटर. आजोबांनी जिथे झोपडी बांधली तिथे नातू मासे पकडत असेल. एवढा बदल लिहिण्या-वाचण्याआधीच्या माणसांच्याही लक्षात आलाच असणार. मोठी भरती, वादळ आले की एका रात्रीत पाणी आत शिरायचे आणि काही जागा परत वर यायच्याच नाहीत.

हे फक्त इथे नव्हते. पर्शियन आखात सरासरी ३५ मीटर खोल, त्यामुळे ते पूर्ण कोरडे होते. श्रीलंका भारताला जोडलेली होती. ब्रिटन आणि युरोप खंडामधली जमीन सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी उत्तर समुद्राखाली गेली. तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यांत आजही जुन्या प्राण्यांची हाडे अडकतात.

कोकणच्या खाड्या म्हणजे बुडालेल्या नद्या

नकाशात कोकणचा किनारा दातेरी दिसतो. बाणकोट, दाभोळ, जयगड, भाट्ये, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग : दर थोड्या अंतराने खाडी. सह्याद्रीतून निघालेल्या सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना, वाघोटण या नद्या तशा लहान आहेत. घाटमाथा ते समुद्र अंतर फार तर ५०-६० किलोमीटर. एवढ्याशा नद्यांना एवढी रुंद मुखे का?

कारण त्या मुखांत नदीचे पाणी कमी आणि समुद्राचे जास्त आहे. समुद्र खाली होता तेव्हा या नद्यांना उतार जास्त मिळाला. पातळी खाली गेली की नदी आपले पात्र खोल कापत जाते. त्यांनी जांभा आणि बेसाल्ट कापून खोल दऱ्या केल्या आणि त्या पुढे मैदानातून लांबच्या किनाऱ्याकडे वाहत राहिल्या. नंतर समुद्र वर आला आणि या दऱ्यांत शिरला. खाडी म्हणजे नदीची जुनी दरी, तोंडाकडून भरलेली.

म्हणून भरतीचे पाणी वाशिष्ठीतून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत जाते. म्हणून खाडीवर पूल बांधताना पाया खडकावर टेकवायला चिखलातून खोल जावे लागते : वरचा गाळ नवा, खालची दरी जुनी. (सिव्हिलवाल्या मित्रांना बोअरहोलचा अहवाल आठवेल. खाडीतला तो कागद भूगोलाच्या पुस्तकाइतकाच वाचण्यासारखा असतो.)

आणि याच खाड्यांनी कोल्हापूरला समुद्राशी जोडले. जहाज खाडीतून जितके आत येईल तितका घाटाचा रस्ता जवळ. वाघोटण नदीवरचे खारेपाटण, अर्जुनेवरचे राजापूर ही समुद्रापासून आत असलेली बंदरे याच कारणाने मोठी झाली. तिथून माल फोंडा, अणुस्कुरा अशा घाटांनी देशावर यायचा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात प्राचीन वस्तूंचा साठा सापडला. त्यात पोसायडनची लहान कांस्यमूर्ती होती, ग्रीक-रोमन समुद्रदेवाची. आज ती टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. समुद्रापासून एवढ्या लांब, साडेपाचशे मीटर उंचीवरच्या पंचगंगेकाठी समुद्राचा देव आला तो कोकणातल्या कुठल्या तरी बंदरातूनच. समुद्र खालीच राहिला असता तर ही खाडी-बंदरे झालीच नसती.

समुद्र वर आला की जमीन खाली गेली?

इथे गोष्ट अवघड होते. किनाऱ्यावर उभे राहून आपल्याला दिसतो तो फक्त फरक : पाणी आणि जमीन यांच्यातला. पाणी एक फूट चढले काय किंवा जमीन एक फूट खचली काय, पायाला पाणी लागणारच.

मुंबईत याचे जुने उदाहरण आहे. १८७० च्या दशकाच्या अखेरीस प्रिन्सेस डॉकसाठी खोदकाम सुरू असताना चिखलाखाली झाडांचे बुंधे सापडले. त्यातले कितीतरी उभेच होते, मुळे खालच्या मातीत घट्ट. झाडे खैराची. खैर काही खाऱ्या पाण्यात वाढत नाही, म्हणजे एकेकाळी ती जागा भरतीच्या वर होती. जमीन खचली असावी असा तर्क तेव्हा झाला. आज समुद्राची वाढ आणि जमिनीची स्थानिक हालचाल असे दोन्ही विचारात घेतात. फक्त बुंधे पाहून कोण हलले हे ठरत नाही.

जमीन हलते ती भूकंपानेच असेही नाही. वजनानेही हलते. फोमच्या गादीवर बसलो की ती दबते, उठलो की हळूहळू वर येते. पृथ्वीचे कवच तसेच वागते, फक्त हजारो वर्षे लावून. स्वीडन-फिनलंडवरचा बर्फ जाऊन दहा हजार वर्षे झाली, तरी तिथली जमीन अजून वर येते आहे. बोथनियाच्या आखाताच्या उत्तर भागात वर्षाला जवळपास नऊ-दहा मिलिमीटर. तिथे समुद्र मागे हटतो, बंदरे कोरडी पडतात आणि गावांना नवी जमीन मिळते.

आपल्याकडे बर्फ नव्हता, पण पाणी आले. १२० मीटर पाणी म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर १२० टनांपेक्षा जास्त भार. ऊस भरलेला ट्रक २० टनांचा धरला तर एका चौरस मीटरवर सहा ट्रक, एकावर एक. या भाराने समुद्राखालचा मंच किंचित दबला आणि त्याच्या बाजूचा किनारा किंचित वर उचलला गेला. शिवाय बर्फाखालून मुक्त झालेल्या प्रदेशांच्या भोवतालचा समुद्रतळ खाली जाऊ लागला, त्या खळग्यांकडे इतर समुद्रांतले थोडे पाणी ओढले गेले. दोन्हीचा परिणाम म्हणून विषुववृत्ताच्या आसपासच्या अनेक किनाऱ्यांवर समुद्र काही हजार वर्षांपूर्वी आजच्यापेक्षा थोडा वर होता आणि मग खाली उतरला. कोकणात काही ठिकाणी शंख-शिंपले आणि वाळू चुन्याने घट्ट जोडून झालेला पुळण-खडक आजच्या भरतीच्या रेषेपेक्षा वर दिसतो. बरेच अभ्यासक त्याचा संबंध या उंच पातळीशी जोडतात.

कोकण परशुरामाने समुद्र मागे हटवून मिळवला, ही कथा चिपळूणच्या परशुराम देवस्थानापासून केरळपर्यंत सांगतात. समुद्र थोडा उतरून किनारपट्टीची जमीन उघडी पडली, त्याची ही लोकस्मृती असेल, असे अनेकदा लिहिले जाते. कल्पना मोहक आहे. पण कथेला तारीख नसते आणि खडकाला नाव नसते. दोघांना एकत्र बांधणारा पुरावा हातात नसताना व्हॉट्सअॅपवरचे ‘विज्ञानाने सिद्ध झाले’ फॉरवर्ड करण्याची घाई नको.

तारकर्लीची पुळण किती जुनी?

समुद्र आजच्या पातळीवर येऊनच सात-आठ हजार वर्षे झाली. मग आजच्या पातळीवरची पुळण त्याहून जुनी असूच शकत नाही. सह्याद्रीचा खडक साडेसहा कोटी वर्षांचा आणि त्याच्या पायथ्याची ही वाळू भूगर्भाच्या मोजमापात कालची.

पातळी स्थिरावल्यावर लाटांना एकाच रेषेवर काम करायला वेळ मिळाला. नद्यांनी वाळू आणली, लाटांनी ती पसरली आणि खाड्यांच्या तोंडाशी वाळूच्या लांब जिभा तयार झाल्या. मालवणजवळचे तारकर्ली-देवबाग अशाच एका जिभेवर आहे : एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, आणि मध्ये घरे, माड, विहिरी, होम-स्टे. ही जागा मुळातच वाळूच्या देण्याघेण्यावर टिकलेली. नदीतून वाळू कमी आली किंवा लाटांनी जास्त नेली की किनारा आत सरकतो. देवबागला समुद्राचे उधाण आणि धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी हा दर पावसाळ्यातला विषय आहे, तो यामुळेच. दगडी बंधारा घर वाचवतो, पण लाटेचा जोर बंधाऱ्याच्या टोकापलीकडच्या पुळणीवर जातो, हेही तेवढेच खरे.

खाड्यांत उलटे घडले. तिथे गाळ साचत गेला. राजापूरसारख्या बंदरापर्यंत मोठी गलबते येणे थांबले. उथळ झालेल्या काठांवर लोकांनी मातीचे बांध घातले, ओहोटीला पाणी बाहेर सोडायला उघाड्या ठेवल्या आणि भातशेती केली. ही खारजमीन. तिच्या विकासासाठी महाराष्ट्रात १९७९ चा स्वतंत्र कायदा आहे. खारजमिनी भरतीच्या पातळीला किंवा त्याच्याही खाली असतात. बांध फुटला की एका भरतीत शेत खारे होते, आणि मीठ धुऊन जायला पुढचे काही पावसाळे लागतात.

आणि आजचा वेग?

आयपीसीसीच्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. २००६ ते २०१८ मध्ये वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर झाला. हिमयुगानंतरच्या सरासरीच्या तुलनेत हा वेग कमी आहे. ‘समुद्र तर नेहमीच वर-खाली होतो’ असे म्हणणारे हाच मुद्दा पुढे करतात, आणि तेवढ्यापुरते ते बरोबर आहे.

पण तेव्हा किनाऱ्यावरची माणसे थोडी होती आणि उठून आत जाऊ शकत होती. आज त्या रेषेवर मुंबई आहे, बंदरे आहेत, सात-बारा आहेत. आणि तेव्हाचे कारण वेगळे होते : पृथ्वीच्या कक्षेतले संथ बदल, त्यातून वितळलेला बर्फ. मागची सात हजार वर्षे जवळपास शांत होती, आता वाढ पुन्हा सुरू झाली आहे आणि तिचे मुख्य कारण माणसाने सोडलेले हरितगृह वायू आहेत. उत्सर्जन किती कमी होते त्यावर या शतकाअखेरची वाढ साधारण ३० सेंटिमीटर ते एक मीटर राहील, असा आयपीसीसीचा अंदाज आहे. मुंबईत अपोलो बंदरला १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद होते. आशियातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक आहे.

राहिला मोठा बर्फ. ग्रीनलंडवर सगळा वितळला तर समुद्र सात मीटरहून जास्त वाढेल एवढा, अंटार्क्टिकावर ५० मीटरहून जास्त वाढेल एवढा बर्फ अजून आहे. तो या शतकात सगळा वितळणार नाही. पण हिमयुगानंतरचा हिशेब अजून संपलेला नाही, एवढे त्यावरून दिसते.

कातळशिल्पे काढणारी माणसे कुठे राहत होती?

रत्नागिरी, राजापूर, लांजा परिसरातल्या जांभ्याच्या सड्यांवर कोरलेली कातळशिल्पे गेल्या काही वर्षांत खूप गाजली. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातले कुडोपी. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीला प्रचंड मोठा हत्ती आहे. इतर ठिकाणी गेंड्यासारखे, आज कोकणात नसलेले प्राणी आहेत. आणि मासे आहेत : शार्क, पाकट.

त्यांचे वय पक्के ठरलेले नाही. खडक कोरला की कार्बनमापन करायला हाती काही उरत नाही. दहा हजार वर्षांपूर्वीची किंवा त्याआधीची असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तो बरोबर असेल तर ही शिल्पे कोरली गेली तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा ४०-५० मीटर खाली आणि बराच पश्चिमेला होता. आज सड्यावर उभे राहिले की जिथे पाणी दिसते तिथे तेव्हा गवत, झाडे आणि कदाचित ते हत्ती-गेंडे होते. पाकट पाहायला त्या माणसांना मैदान ओलांडून जावे लागत होते.

मग त्यांच्या राहण्याच्या जागा, चुली, हत्यारे सड्यांच्या आसपास कमी का सापडतात, याचे एक उत्तर साधे असू शकते. गोडे पाणी, मासे, शिकार जिथे जास्त तिथे माणूस राहतो, आणि अशी जागा म्हणजे खालचे मैदान, काजळी-मुचकुंदीचे जुने काठ. ते काठ आज किनाऱ्यासमोर, नद्यांनी नंतर आणून टाकलेल्या चिखलाच्या थराखाली आहेत. ध्वनिलहरींनी तळाखालची जुनी पात्रे शोधता येतात आणि त्यांच्या कडेने नळी घालून गाळाचे नमुने काढता येतात. उत्तर समुद्रात तेच चालले आहे. रत्नागिरीसमोर शोध घ्यायचा तर सुरुवात खाडीच्या तोंडापासून, जुन्या पात्राचा माग काढत करावी लागेल.